दगड-खनिजं जमवणाऱ्यांचा गट : दर महिन्याला भेटून करायचं काय?

मुळामुठा · रविवार, रात्री ९.१०

नमस्कार मंडळी,

पुण्यात आम्ही काही हौशी लोक दगड आणि खनिजं जमवतो. कुणी बँकेत, कुणी आयटीत, एक निवृत्त स्थापत्य अभियंता, दोन-तीन कॉलेजची मुलं. भूशास्त्र शिकलेली एकच मैत्रीण आहे, तीही इथे 'गॅब्रो' नावाने वावरते. महिन्यातल्या एका रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो. प्रत्येक जण आपली डबी उघडतो, 'हे बघ, ते बघ' होतं, चहा होतो आणि पांगतो. अशाने गट फार दिवस टिकणार नाही, अशी मला काळजी वाटते.

आपण ज्या जमिनीवर राहतो ती या छंदासाठी जगभर नावाजलेली आहे. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग दख्खनच्या बेसाल्टने व्यापलेला. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरांवर थर पसरले, त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. पुढे त्या पोकळ्यांतून गरम पाणी फिरलं, दगडातली द्रव्यं विरघळवून घेऊन गेलं आणि निवताना तिथेच स्फटिक ठेवून गेलं. स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट, अ‍ॅपोफायलाइट, कॅल्साइट, गारगोटी. वाघोलीच्या खाणींतला निळा कॅव्हन्साइट घ्या. हे खनिज पहिल्यांदा सापडलं १९६७ साली, अमेरिकेत ऑरेगनमध्ये. पण त्याचे उत्तम नमुने पाहायचे तर ते वाघोलीचेच, जगात कुठेही विचारा. पुण्यातल्या किती लोकांनी तो पाहिलाय?

माझं मत आधीच सांगते. आमच्यासारख्या गटाचं पहिलं काम नोंदीचं. दगड कुठल्या गावच्या कुठल्या खाणीतून, कुठल्या थरातून, कधी आला हे लिहिलं नसेल तर तो शोभेची वस्तू उरतो. वाघोलीच्या कितीतरी खाणी बुजल्या, त्यांच्यावर इमारती उभ्या राहिल्या. तिथे पुन्हा जाऊन पाहता येणार नाही. पण गटातल्या निम्म्या लोकांना हे कंटाळवाणं वाटतं.

तर, अजून काय उपक्रम घ्यावेत? खाणीत जायचं तर कसं? मुलांसाठी काय करता येईल? अनुभव असलेल्यांनी मोकळेपणी लिहा.

शंकासुर · रविवार, रात्री ९.२५

रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडे निफाडचा एक दगड आहे, त्याबद्दल विचारायचंय. उद्या लिहितो.

भूगोलवाल्या बाई · रविवार, रात्री १०.०२

किती छान धागा! मी आठवीला भूगोल शिकवते. 'अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित' मुलं पाठ करतात आणि शाळेच्या कुंपणाची भिंत कुठल्या दगडाची आहे ते कुणालाच सांगता येत नाही.

मुलांसाठी मी करते ते सांगते. बाथरूमच्या फरशीची मागची, चकाकी नसलेली बाजू घ्यायची आणि तिच्यावर खनिज घासायचं. हेमॅटाइट वरून काळा-राखाडी दिसला तरी रेघ तांबडी उमटते. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. मग कठीणपणा. नखाने ओरखडा पडतो का, तांब्याच्या नाण्याने पडतो का, चाकूने पडतो का, आणि खनिज स्वतः काचेवर ओरखडा काढतं का. कॅल्साइट आणि गारगोटी दोन्ही पांढरी. पण गारगोटी काच कापते, कॅल्साइटला चाकूच कापतो. कॅल्साइटच्या चुऱ्यावर व्हिनेगर टाकलं की बुडबुडे येतात. दोन तासिका सहज जातात आणि खर्च जवळजवळ नाही.

पाटावरवंटा · रविवार, रात्री १०.१५

आमच्याकडे आजीचा पाटा-वरवंटा आहे. संग्रहात धरतात का? :)

गॅब्रो · रविवार, रात्री १०.३१

@पाटावरवंटा, नक्की धरतात. घट्ट, बारीक कणांचा बेसाल्ट आहे तो. पाट्याला पोकळ्यांचा दगड चालत नाही, म्हणून टाकीवाले सलग दगड निवडून घ्यायचे. भिंगातून बघा, बारीक पांढरट रेघा दिसल्या तर ते फेल्डस्पार. आजींचं गाव माहीत असेल तर चिठ्ठीवर लिहून पाट्यासोबत ठेवा.

खडीवाला · सोमवार, सकाळी ६.५०

खाणीबद्दल मी लिहितो, कारण माझं लहानपण तिथेच गेलं. वडील वाघोलीच्या बाजूला एका खाणीवर मुकादम होते.

पहिली गोष्ट. खडीला सलग काळा दगड लागतो. पोकळ्यांचा, पांढऱ्या भरणीचा दगड ठिसूळ निघतो, म्हणून तो बाजूला टाकतात. तुम्हाला जे पाहिजे ते त्या बाजूच्या ढिगात असतं. खाणीच्या उभ्या कड्याखाली जायची गरजच नाही, आणि जाऊही नका. सुरुंगाने कडा आतून खिळखिळा झालेला असतो, वरून दिसत नाही. न फुटलेला सुरुंग राहिलेला असू शकतो. रंगीत वायरीचा तुकडा दिसला तर हात लावायचा नाही, मागे यायचं आणि मुकादमाला सांगायचं.

दुसरी गोष्ट. मालकाची परवानगी तोंडी नको, लेखी घ्या. रविवारी किंवा सुट्टीच्या दिवशी क्रशर आणि डंपर बंद असताना जा. हेल्मेट, जाड तळाचे बूट आणि डोळ्यावर चष्मा. हातोडीने बेसाल्ट फोडताना कपची उडते ती सरळ डोळ्यात. माझ्या ओळखीच्या एका माणसाचा डोळा त्यात गेला.

आमच्याकडे या सगळ्याला गारगोटीच म्हणायचे, कुठलं खनिज ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण निळा कुठल्या थरात लागतो ते मात्र कामगारांना नेमकं ठाऊक होतं. तुकड्या-तुकड्यांनी जोडलेला वेगळा दगड लागला की पोकलेनवाला स्वतः थांबायचा.

डोंगरयात्री · सोमवार, सकाळी ९.४०

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये.

गडांवर फिरताना कड्यांवर ताज्या हातोडीच्या खुणा दिसतात. पोकळीतला स्फटिकांचा झुबका उचकटून नेलेला आणि खाली फुटलेले तुकडे. झाड तोडलं तर दुसरं लावता येतं. हे स्फटिक आपल्या हयातीत, आपल्या नातवंडांच्या हयातीतही परत येणार नाहीत. लोणारच्या विवरात लोक 'उल्केचा दगड' म्हणून खिसे भरताना मी पाहिलेत. ते अभयारण्य आहे, २०२० पासून रामसर स्थळही, म्हणजे जगभरात महत्त्वाची मानलेली पाणथळ जागाही आहे.

'जमवणाऱ्यांचा' गट हा शब्दच मला खटकतो. बघणाऱ्यांचा गट का नको? कॅमेरा न्या, नोंद करा, दगड तिथेच राहू द्या.

मुळामुठा · सोमवार, दुपारी १.१५

@डोंगरयात्री, राग कसला. गड, लेणी, वनजमीन, लोणार, निघोजचे रांजणखळगे, कोल्हापूरकडचे बंदिवड्याचे खांबांसारखे बेसाल्ट, अंधेरीची गिल्बर्ट टेकडी. या ठिकाणी फक्त कॅमेरा आणि वही, हा आमच्या गटाचा नियम आहे आणि तो मोडणाऱ्याला आम्ही बोलावत नाही. भूवारसा स्थळांसाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला होता. तसा कायदा व्हावा असं मला मनापासून वाटतं.

पण खाणीचं गणित वेगळं आहे. तिथला दगड फुटणारच आहे. आज उचलला नाही तर उद्या त्याची खडी होऊन रस्त्यात जाईल, किंवा भरावात. तिथे 'राहू द्या' म्हणजे काय राहू द्या? जे क्रशरमध्ये चाललंय तेवढं परवानगीने वाचवायचं आणि त्याचा पत्ता लिहून ठेवायचा, एवढंच मी म्हणतेय.

डोंगरयात्री · सोमवार, दुपारी २.०५

खाणीपुरतं मान्य. नियम लेखी ठेवा आणि नव्या सभासदाला पहिल्याच दिवशी वाचायला द्या.

एडिसनकर · सोमवार, रात्री ८.२०

न्यू जर्सीहून लिहितोय. इथे मी गेली काही वर्षं एका खनिज क्लबात जातो. योगायोग असा की इथे पॅटरसनच्या आसपासही बेसाल्टच आहे, सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्याच्या पोकळ्यांत प्रेहनाइट, स्टिल्बाइट, ह्युलँडाइट सापडतात. पहिल्यांदा तिथला स्टिल्बाइट हातात आला तेव्हा गावाकडचाच कुणी भेटल्यासारखं वाटलं.

इथे मासिक सभेत आधी अर्ध्या तासाचं व्याख्यान असतं, बहुतेक वेळा सभासदाचंच. एक जण एकच खनिज घेतो आणि त्याबद्दल बोलतो. मग 'ओळखा पाहू' म्हणून टेबलावर एक नमुना ठेवतात. प्रत्येकाने चिठ्ठीवर नाव आणि कारण लिहायचं. कारण लिहायला लावतात हे महत्त्वाचं, नुसत्या नावाला गुण नाहीत. शेवटी अदलाबदल. ज्याच्याकडे एकाच जातीचे जास्त नमुने असतील तो ते आणतो. चिठ्ठी नसलेला नमुना अदलाबदलीत घेत नाहीत. मुळामुठा ताई, तुमच्या निम्म्या लोकांना नोंद कंटाळवाणी वाटते ना? हा एक नियम करून बघा, महिन्याभरात सगळे चिठ्ठ्या लिहायला लागतील.

खाणीत जाताना प्रत्येकाकडून जबाबदारीच्या कागदावर सही घेतात, क्लबाचा विमाही असतो. त्याशिवाय खाणमालक दारात उभं करत नाही.

आणि अंधारातली सभा! इथून जवळ फ्रँकलिन आणि ऑग्डेन्सबर्ग आहे, जुन्या जस्ताच्या खाणी. तिथला दगड साध्या उजेडात अगदी सामान्य दिसतो. कमी तरंगलांबीच्या अतिनील दिव्याखाली धरला की विलेमाइट हिरवा पेटतो आणि कॅल्साइट नारिंगी-तांबडा. ऑग्डेन्सबर्गची स्टर्लिंग हिल खाण १९८६ ला बंद झाली, आता तिथे संग्रहालय आहे. आमच्या मुलीला हा छंद लागला तो तिथे.

गॅब्रो · सोमवार, रात्री ९.००

@एडिसनकर, अंधारातली सभा आपल्याकडेही होऊ शकते. नाशिककडचा पॉवेलाइट त्या दिव्याखाली पिवळसर चमकतो, आणि काही कॅल्साइटही. फक्त तो दिवा डोळ्यांना घातक असतो. चष्म्याशिवाय कुणी बसायचं नाही आणि लहान मुलांच्या हातात दिवा द्यायचा नाही.

शंकासुर · सोमवार, रात्री ९.४५

आलो. निफाडजवळ काकांच्या शेतात विहीर खोदली तेव्हा निघालेला दगड आहे. फोडल्यावर आत पोकळी आणि तिच्यात पांढऱ्या, काचेसारख्या सुया, मधोमध एकवटून बाहेर पसरलेल्या. साधारण दोन इंच लांबीच्या. मित्र म्हणतो नॅट्रोलाइट, दुकानदार म्हणतो स्कोलेसाइट. काय आहे? आणि थोडी माती बसलीये, टॉयलेट साफ करायच्या अ‍ॅसिडने धुऊ का?

गॅब्रो · सोमवार, रात्री ९.५२

अ‍ॅसिड अजिबात नको!! हातातली बाटली खाली ठेवा.

हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडमध्ये स्कोलेसाइट आणि नॅट्रोलाइट दोन्ही विरघळून चिकट लगदा होतो. सुयांची चमक गेली की परत येत नाही.

ओळखीबद्दल. स्कोलेसाइट, मेसोलाइट आणि नॅट्रोलाइट ही तिन्ही एकाच कुळातली आहेत. पहिल्यात कॅल्शियम, तिसऱ्यात सोडियम, मधल्यात दोन्ही. नुसत्या डोळ्यांनी त्यांच्यात खात्रीने फरक करता येत नाही, त्यासाठी क्ष-किरण तपासणी लागते. नाशिक भागात एवढ्या मोठ्या सुया बहुतेकदा स्कोलेसाइटच्या असतात, म्हणून दुकानदाराचं म्हणणं बरोबर असण्याची शक्यता जास्त. चिठ्ठीवर 'बहुधा स्कोलेसाइट, तपासणी नाही' असं लिहा. असं लिहिण्यात काही कमीपणा नाही. मोठ्या संग्रहालयांच्या चिठ्ठ्यांवरही प्रश्नचिन्ह असतं.

धुण्याचं थोडं सविस्तर लिहिते, कारण नमुने सर्वात जास्त मरतात ते घरच्या साफसफाईत. स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, अ‍ॅपोफायलाइट यांना साधं पाणी, मऊ टूथब्रश आणि थोडा धीर पुरतो. अ‍ॅपोफायलाइट एकाच दिशेने सपाट चिरला जातो, त्यामुळे गरम-गार पाण्याचा धक्का देऊ नका. ओकेनाइटच्या पांढऱ्या केसाळ गोळ्यांना पाणीही नको आणि बोटही नको. केस एकदा चिकटले की संपलं. लॉमोंटाइट हवेत ठेवला की त्यातलं पाणी उडून तो आपोआप भुगा होतो. तो घट्ट झाकणाच्या डबीतच ठेवायचा. जांभळी गारगोटी (अ‍ॅमेथिस्ट) उन्हात फिकी पडते, खिडकीत मांडू नका. गंजाच्या डागांसाठी लोक ऑक्झॅलिक अ‍ॅसिड वापरतात. ते विषारी आहे, आणि नमुन्यावर कॅल्साइट असेल तर त्याचंही नुकसान होतं. झिओलाइटवर, म्हणजे स्टिल्बाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट ज्या कुळातले त्या खनिजांवर, तर मी कुठलंच आम्ल वापरत नाही.

निशिगंधा · मंगळवार, सकाळी ८.१५

छान माहिती. मला एक विचारायचंय. आमच्याकडे अ‍ॅमेथिस्टचा झुबका आणलाय, सांगणाऱ्याने सांगितलं की तो पाण्यात ठेवून ते पाणी प्यायलं की मन शांत होतं. रोज प्यावं का?

गॅब्रो · मंगळवार, सकाळी ८.४०

निशिगंधा ताई, कृपा करून पिऊ नका. स्फटिकाने रोग बरा होतो किंवा मन शांत होतं याला शास्त्रीय आधार नाही. गारगोटी पाण्यात सहसा विरघळत नाही, पण बाजारातल्या झुबक्यावर रंग, गोंद, आम्लाचे अवशेष काहीही असू शकतं. आणि ही सवय दुसऱ्या दगडावर गेली तर? गॅलेनामध्ये शिसं असतं, सिनाबारमध्ये पारा. झुबका सुंदर आहे ना, तो बघा. बघूनही मन शांत होतं, त्यासाठी प्यावं लागत नाही.

निशिगंधा · मंगळवार, सकाळी ९.०५

बरं झालं विचारलं. पाणी झाडाला घातलं. झुबका शोकेसमध्ये ठेवते, उन्हापासून दूर :)

सिन्नरकर · मंगळवार, सकाळी ११.३०

आमच्या गावचं गारगोटी संग्रहालय कुणीच कसं काढलं नाही? गटाची पहिली सहल तिथेच काढा. नौदलातून बाहेर पडलेल्या के. सी. पांडे यांनी ते २००१ मध्ये सुरू केलं. झिओलाइट एवढ्या प्रमाणात आणि एवढ्या देखण्या मांडणीत एका छताखाली दुसरीकडे बघायला मिळणं कठीण. पीच रंगाचा, गव्हाच्या पेंढीसारखा मधे आवळलेला स्टिल्बाइट मी तिथे पहिल्यांदा नीट पाहिला. हिरवा अ‍ॅपोफायलाइट बघाच. राहुरीजवळ मोमिन आखाड्याला विहीर खोदताना जे हिरवे गोळे निघाले त्यांचं नाव परदेशातल्या संग्राहकांच्या तोंडी आहे आणि राहुरीतल्या बहुतेकांना त्याचा पत्ता नाही.

विकत घेताना मात्र सावध राहा. ओकेनाइट मुळात पांढरा असतो. निळा, गुलाबी, जांभळा दिसला तर तो रंगवलेला आहे. कॅव्हन्साइटचा निळा गोळा भलत्याच स्टिल्बाइटवर गोंदाने चिकटवून विकतात. भिंगाने गोळ्याच्या बुडाशी बघा, चकचकीत कड दिसली तर गोंद. पिवळा सिट्रीन म्हणून जे मिळतं त्यातलं पुष्कळ भाजलेलं अ‍ॅमेथिस्ट असतं.

मुळामुठा · मंगळवार, दुपारी १२.१०

खोटे नमुने ओळखण्याची एक सभा! हे डोक्यात नव्हतं. ज्यांच्याकडे रंगवलेले, चिकटवलेले नमुने असतील त्यांनी ते आणायचे आणि भिंगाखाली बघायचे. @सिन्नरकर, आभार. हिरव्या रंगाबद्दल थोडी भर. अ‍ॅपोफायलाइटचा हिरवा आणि कॅव्हन्साइटचा निळा, दोन्ही व्हॅनेडियममुळे येतात. आमच्या पाषाणच्या टेकड्यांतही हिरवा अ‍ॅपोफायलाइट मिळायचा.

जांभाप्रेमी · मंगळवार, दुपारी ४.२०

तुम्ही सगळे देशावरचे झिओलाइटवाले. कोकणाकडे बघणार का कुणी?

आमच्याकडे जांभा. जमिनीतून काढताना कापता येतो, हवा लागली की घट्ट होतो, म्हणून चिऱ्याची घरं. स्फटिकांचे झुबके नाहीत, पण पुळणीवर चला. रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवी इथे वाळूत काळे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट असतं. लोहचुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूवरून फिरवायचं. मॅग्नेटाइट चटकन चिकटतो, इल्मेनाइट बहुतेक मागे राहतो. पिशवी उलटी केली की मॅग्नेटाइट वेगळा पडतो. हे कण आले कुठून? सह्याद्रीतला बेसाल्ट झिजून नद्यांनी आणलेले. म्हणजे तुमचाच दगड, आमच्या किनाऱ्यावर. मुलांना घाटमाथ्यापासून समुद्रापर्यंतचा सगळा प्रवास एका चुंबकाने सांगता येतो.

डोंगरयात्री म्हणतात त्याला माझं पूर्ण अनुमोदन, कारण आमच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कातळशिल्पं आहेत. २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. जांभ्याच्या सड्यावर हातोडी काढायचीच नाही. कुठली रेघ माणसाने कोरलेली आहे ते पाचोळा साफ केल्याशिवाय कळत नाही.

नेवासकर · मंगळवार, रात्री ८.५०

माणसाने आपल्याकडे दगड निवडून जमवायला कधी सुरुवात केली? आमच्या नेवाशाला आणि पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगावला जोर्वे संस्कृतीच्या वस्त्या निघाल्या. इसवी सनापूर्वी सुमारे १४०० ते ७०० चा काळ. त्या लोकांनी कॅल्सेडोनीची (अतिबारीक कणांच्या गारगोटीची) लांब, धारदार पाती काढली आणि अकिकाचे मणी केले. चांगला दगड कुठल्या ओढ्यात मिळतो हे त्यांना माहीत असणारच.

प्रवरा-गोदावरीच्या वाळूत आजही अकीक आणि जास्परचे गोटे दिसतात. नदीकाठची एक सकाळ ठेवा. जुन्या वस्तीच्या पांढरीतून मात्र काहीही उचलायचं नाही, मणी तर नाहीच. तो पुरातत्त्वाचा ठेवा आहे.

आणि हे गोटे गुळगुळीत करायचं फिरतं पिंप मिळतं. गोटे, पाणी आणि सिलिकॉन कार्बाइडची भुकटी घालून आठवडेच्या आठवडे फिरवायचं, भुकटी दर टप्प्याला बारीक करत जायची. अकीक कठीण असल्याने छान चकाकतो. झिओलाइट त्यात टाकू नका, पिठासकट पाणी हाती लागेल.

धंतोलीकर · बुधवार, सकाळी ७.३०

विदर्भाची हजेरी लावतो. बेसाल्ट आमच्याकडेही आहे, पण भंडारा-नागपूर पट्ट्याचं खरं धन मँगनीज. डोंगरी बुजुर्गचं मँगनीज डायऑक्साइड बॅटरीच्या सेलसाठी वापरतात. पायरोलुसाइट, म्हणजे याच मँगनीज डायऑक्साइडचं खनिज, हातात घ्या, बोटं काळी होतात आणि दगड आकाराच्या मानाने चांगलाच जड लागतो. मुलांना टॉर्चचा सेल आणि तो दगड शेजारी ठेवून दाखवा.

पुणे आणि नागपूरच्या गटांनी पार्सलने अदलाबदल करावी असं सुचवतो. आमच्याकडे स्कोलेसाइट नाही, तुमच्याकडे मँगनीज नाही. एडिसनकरांचा चिठ्ठीचा नियम लागू.

एडिसनकर · बुधवार, सकाळी ८.१०

+१. यादीत मलाही धरा.

खडीवाला · बुधवार, रात्री १०.१५

सगळं वाचलं. एक गोष्ट राहिली म्हणून परत आलो.

खाणीतून हे दगड पहिल्यांदा हातात घेतो तो कामगार. त्यातले बरेचसे वडार समाजाचे. दुपारच्या सुट्टीत पहारीने अलगद काढून, गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. मोटारसायकलवर खरेदी करणारा यायचा, चहापाण्याएवढे पैसे द्यायचा. तोच दगड परदेशातल्या प्रदर्शनात कितीला गेला हे आम्हाला कधी कळलं नाही. त्यातल्या बायका दगड बघून सांगायच्या की आत पोकळी आहे की नाही. हातोडीचा आवाज बदलतो, त्यावरून. हे ज्ञान कुठल्याच चिठ्ठीवर येत नाही.

तुमच्या गटाने नोंद करायची म्हणताय, तर ही पण करा. कुठल्या थरात काय लागतं हे म्हाताऱ्या कामगारांना विचारा, लिहून घ्या, त्यांची परवानगी घेऊन चिठ्ठीवर त्यांचंही नाव टाका. आणि नमुना घेतला तर रास्त पैसे द्या, घासाघीस नको. फुकट मागून नेऊ नका. खाणी बंद झाल्यात, ती माणसं पण आता थोडीच राहिलीत.

मुळामुठा · बुधवार, रात्री १०.४०

खडीवाला दादा, मनापासून आभार. भोर घाटातला रेल्वेमार्ग १८६३ मध्ये खुला झाला. त्याच्या कामात डोंगर फोडताना निघालेले अ‍ॅपोफायलाइट, स्टिल्बाइट थेट विलायतेच्या संग्रहालयांत गेले. ते ज्यांच्या हातांनी निघाले त्यांतल्या एकाचंही नाव चिठ्ठीवर नाही. आपल्या चिठ्ठीत 'कोणी काढला' हा रकाना राहील, हे माझ्याकडून नक्की.

भूगोलवाल्या बाई · गुरुवार, सकाळी ७.०५

मग ठरलं काय? मूळ प्रश्न 'दर महिन्याला करायचं काय' असा होता. :) मला शाळेच्या मुलांना घेऊन यायचंय, म्हणून विचारते.

मुळामुठा · गुरुवार, सकाळी ९.२०

बाई, येत्या सभेपुरतं सांगते, पुढचं त्या-त्या वेळी. गॅब्रो स्कोलेसाइट-नॅट्रोलाइटवर अर्धा तास बोलेल. मग 'ओळखा पाहू', कारणासकट. मग प्रत्येकाने घरून आणलेल्या निदान पाच नमुन्यांच्या चिठ्ठ्या तिथेच बसून लिहायच्या : नाव, गाव, खाण किंवा विहीर, थर माहीत असेल तर थर, तारीख, कोणी काढला. नमुन्याच्या मागे पांढऱ्या रंगाचा ठिपका, त्यावर शाईने क्रमांक, वर व्हार्निश. वहीत तोच क्रमांक. चहा त्यानंतर. मुलांसाठी फरशी, चुंबक आणि व्हिनेगरचं टेबल तुम्ही सांभाळाल का?

खाणीची सहल दादांना विचारून.

भूगोलवाल्या बाई · गुरुवार, सकाळी ९.३१

आनंदाने. फरश्या मी आणते.

खडीवाला · गुरुवार, दुपारी १.५०

पावसाळ्यात नको. कड्यातून पाणी झिरपतं, दगड सुटतात, तळात डबकं साचलेलं असतं आणि त्याची खोली कळत नाही. दिवाळीनंतर एखादा रविवार बघतो, मालकाशी बोलून कागद करून घेतो. लहान मुलं खाणीत नकोत, त्यांच्यासाठी निवडलेला ढीग बाहेर मोकळ्या जागेत टाकून घेऊ.

डोंगरयात्री · गुरुवार, दुपारी २.३०

मी पण येतो. कॅमेरा आणि वही घेऊन. खाणीच्या भिंतीचे थर वरपासून खालपर्यंत फोटोत घेऊन त्यावर खुणा करायचं काम माझ्याकडे द्या.

शंकासुर · गुरुवार, रात्री ९.१५

सभेला निफाडचा दगड घेऊन येतो. साध्या पाण्याने धुतला तर चालेल ना?

गॅब्रो · गुरुवार, रात्री ९.२२

आत्ता नका धुऊ, आहे तसा आणा. मातीखालून दुसरं काही निघालं तर सगळ्यांनी मिळून बघू. आणि विहीर किती फुटांवर असताना तो निघाला, तिथला दगड काळा होता की तांबडा, ते काकांना फोन करून विचारून घ्या.

शंकासुर · गुरुवार, रात्री ९.५०

विचारलं. काका म्हणतात, पस्तीस फुटांच्या आसपास, तांबड्या मातीचा पट्टा लागला त्याच्या जरा खाली. लिहून घेतलंय.